आईची गोळी बंद करायची की नाही?

पत्राचा सारांश: मुलुंडला राहणारे ४३ वर्षांचे वाचक लिहितात. आई ६९ वर्षांची, वजन ४६ किलो. नऊ आठवड्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. घरी सोडताना ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून तीनदा, दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. ती अजून चालू आहे, कारण नाक्यावरचा केमिस्ट ओळखीचा आहे आणि जुनी चिठ्ठी पाहून देतो. मध्येच दुखलं की आई ६५० ची पॅरासिटामॉलही घेते, दिवसाला दोन-तीन. झोपेसाठी क्लोनाझेपाम आणि वडील गेल्यापासून एस्सिटालोप्राम (उदासी-चिंतेवरची गोळी) या गोळ्या आधीपासूनच आहेत. गणपतीत पुण्याहून ताई आली. 'ही अफूच्या जातीची गोळी आहे, आईला व्यसन लागेल' म्हणत तिने उरलेली पाकिटं केराच्या टोपलीत टाकली. दुसऱ्या रात्री आईला सारख्या जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पायांत कसंनुसं. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दुकान उघडताच नवीन पाकीट आणून गोळी दिली, तासाभरात आई शांत. 'म्हणजे व्यसन लागलंच ना? आता कायमची द्यायची, की ताईचं ऐकायचं?' असं ते विचारतात. शेवटी एक ओझरती ओळ आहे: पाठ धरली की तेही आईच्या पाकिटातली एखादी घेतात, आठवड्यातून तीन-चारदा. शुक्रवारी दोन पेग झाल्यावर घेतली तर झोप छान लागते.

तुमचा प्रश्न त्या एका रात्रीतून निघालाय, म्हणून आधी ती रात्रच बघू. जांभया, वाहणारं नाक, काटा, जुलाब, पाय स्वस्थ न राहणं ही ट्रामाडॉलसारखं ओपिऑइड (अफूच्या जातीच्या) गटातलं औषध अचानक तोडल्याची नेहमीची लक्षणं आहेत. दिवसाला तीन गोळ्या दोन महिने घेतल्या की मेंदू आणि आतडी त्या औषधाच्या हिशेबाने आपलं काम बसवून घेतात. औषध एकदम काढलं की ते सगळं उलट्या दिशेला उसळतं. आधी आतडी मंद होती, आता जुलाब. आधी गुंगी होती, आता झोप नाही. ट्रामाडॉल तुटलं की काहींना घाबरंघुबरंही होतं. हे कोणालाही होऊ शकतं, अगदी रोज हरिपाठ म्हणणाऱ्या तुमच्या आईलाही. याला शरीराची सवय म्हणतात. व्यसन वेगळं. त्यात मन त्या गोळीमागे धावतं, संख्या वाढत जाते, लपवाछपवी सुरू होते आणि नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. तुमच्या पत्रात यातलं आईबद्दल काहीच नाही. नऊ आठवडे ती तीनच गोळ्या घेतेय, तीही तुम्ही वाटीत काढून देता म्हणून.

तेव्हा 'व्यसन लागलंच' हे खरं नाही. पण म्हणून 'चालू राहू दे' हेही बरोबर नाही. दहा दिवसांची गोळी नऊ आठवड्यांवर गेली, यात कोणी निर्णय घेतलाच नाही. ही गोळी कोणी चालू ठेवली नाही, ती बंद करायची राहून गेली. सर्जनला वाटलं संपली असेल, केमिस्टला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तुम्हाला वाटलं दुखतंय तोवर द्यायची असेल. मुंबईतल्या कितीतरी घरांत असंच चालतं.

ताईचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. ट्रामाडॉल प्रयोगशाळेत बनतं, पण मेंदूत अफू आणि मॉर्फिन जिथे बसतात तिथेच बसतं. म्हणूनच २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. त्याखेरीज ते शेड्यूल एच-वनमध्ये येतं: केमिस्टने चिठ्ठी बघायची, वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. 'पुन्हा द्यावी' असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला लाल चौकटीत बारीक अक्षरांत इशारा छापलेला असतो, तो आज चष्मा लावून वाचा. नाक्यावरच्या दुकानदाराने तुमच्यावर उपकार केले असं वाटत असेल, पण 'अजून कशाला घेताय?' असं तुम्हाला विचारू शकणारा शेवटचा माणूस तोच होता.

आता माझ्या मते या पत्रातली खरी काळजीची गोष्ट. ती ट्रामाडॉल एकट्याची नाही, आईच्या वाटीत एकत्र पडणाऱ्या गोळ्यांची आहे.

ट्रामाडॉल आणि क्लोनाझेपाम दोन्ही श्वासाचा वेग आणि जाग कमी करतात. एकेकटी सोसते ती मात्रा दोन्ही मिळून जड होऊ शकते, विशेषतः घोरण्याची किंवा दम्याची तक्रार असेल, सर्दी-खोकल्याने छाती भरली असेल तर. रात्री लघवीला उठलेली आई ओल्या मोरीत घसरली तर नव्या गुडघ्याचं काय होईल, हेही धरा. गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन (हात-पाय झिणझिणतात म्हणून हल्ली सर्रास देतात) यांचाही परिणाम असाच होतो. पण घाबरून क्लोनाझेपामही एका दिवसात तोडू नका. ते एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते.

एस्सिटालोप्रामची गोष्ट निराळी. ट्रामाडॉल फक्त ओपिऑइड नाही, ते मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायनही वाढवतं. एस्सिटालोप्रामही तेच करतं. दोन्ही एकत्र म्हणजे फिट येण्याची शक्यता वाढते आणि क्वचित सेरोटोनिन सिंड्रोम होतो: घाम, थरथर, बेचैनी, स्नायू उडणं, ताप, छातीत धडधड. वयस्कांत रक्तातलं सोडियमही घसरू शकतं. आई उगाच गोंधळल्यासारखी बोलते का, तोल जातो का, याकडे लक्ष ठेवा. असं काही दिसलं तर वयावर ढकलू नका, रक्त तपासून घ्या. ज्यांनी एस्सिटालोप्राम लिहिलं त्यांना ट्रामाडॉल माहीत नाही आणि ज्यांनी ट्रामाडॉल लिहिलं त्यांनी एस्सिटालोप्रामबद्दल विचारलंच नाही, असं होण्याची शक्यता भरपूर आहे.

तिसरी गोष्ट नुसत्या बेरजेची. या गटातल्या बहुतेक जोडगोळ्यांत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तीन गोळ्या म्हणजे ९७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. त्यावर ६५० च्या तीन म्हणजे १९५०. एकूण २९२५. धडधाकट माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम सांगतात, पण ५० किलोच्या आतल्या वयस्कांसाठी बरेच डॉक्टर २ ग्रॅमच्या आसपास थांबतात. म्हणजे यकृताच्या दृष्टीने आई दिवसाआड नाही, रोज रेषा ओलांडतेय, आणि घरात कोणाला पत्ता नाही, कारण एका पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव आहे आणि आतल्या औषधांची नावं मुंगीएवढी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा.

म्हणून उद्या सकाळी करायचं काम: घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घाला आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या ओपीडीत किंवा तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. चिठ्ठी नको, पिशवीच न्या. आईची क्रिएटिनिन तपासणी अलीकडे झाली नसेल तर विचारा, कारण मूत्रपिंड मंद असेल तर ट्रामाडॉल शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. डॉक्टरांना तीन प्रश्न नेमके विचारा. आज ही गोळी कशासाठी आहे? ती कधी थांबेल, तारीख सांगा. आणि गोळी कमी करत नेण्याच्या पायऱ्या कशा उतरायच्या?

पायऱ्या साधारण कशा असतात याची कल्पना यावी म्हणून सांगते, ठरवायचं त्यांनी. तीनवरून अडीच, दोन, दीड, एक, अर्धी. प्रत्येक पायरीवर पाच दिवस. म्हणजे पंचवीस दिवसांनी सुटका. आधी दुपारची गोळी जाते, मग व्यायामाआधीची, आणि रात्रीची सगळ्यात शेवटी, कारण झोप मोडली की दुखणं दुप्पट वाटतं. एखाद्या पायरीवर जांभया, घाम, जुलाब सुरू झाले तर मागे न जाता तिथेच आणखी पाच दिवस थांबायचं. गोळी अर्धी करता येते का हे आधी बघा. एसआर किंवा ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कधीही तोडायची, चावायची किंवा कुटून पाण्यात कालवायची नाही. बारा तासांसाठी असलेला साठा त्यामुळे एकदम रक्तात उतरतो. आजीला गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देणारी प्रेमळ माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

जोडगोळी कमी होत जाईल तसं साधं पॅरासिटामॉल तिची जागा घेऊ शकतं, पण वरची बेरीज डोळ्यासमोर ठेवूनच. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. आणि उरलेल्या गोळीची वेळ घड्याळाशी नाही, फिजिओशी जुळवा. व्यायामाच्या पाऊण-एक तास आधी घेतली की गुडघा वाकवताना ती कामाला येते. सकाळी आठला घेऊन दुपारी चारला फिजिओ बोलावण्यात काही हशील नाही. नऊ आठवड्यांनी चालताना थोडं दुखणं, संध्याकाळी सूज, जिना उतरताना ओढ हे चालायचंच. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, गुडघा गरम-लाल असेल, टाक्यांतून पाणी येत असेल, ताप असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर ते गोळीने झाकायचं नाही. त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.

पोटाचं तुम्ही लिहिलं नाही, पण आईने तुम्हाला सांगितलं नसेल. मुलाला कसं सांगायचं! मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, मात्र या गोळ्यांनी होणारा बद्धकोष्ठ गोळी चालू आहे तोवर हटत नाही. इथे नुसतं इसबगोल देऊ नका. मंदावलेल्या आतड्यात कमी पाण्यावर ते फुगून बसतं आणि खडा आणखी घट्ट होतो. सेन्ना किंवा बिसाकोडिल यांसारखं आतड्याला हलवणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. आईला सुनेने किंवा ताईने विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

मध्यंतरी धोक्याची खूण कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग न येणं. नेहमीचं नाही असं घरघरतं घोरणं. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास (घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा). ओठ-नखं निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन, माणसाला कुशीवर वळवा, जवळ बसून श्वास मोजत राहा. श्वास थांबला तर फोनवरचा माणूस सांगेल तसा कृत्रिम श्वास द्या. कॉफी, लिंबूपाणी, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. 'झोपू दे, थकलीय' असं म्हणून दार लोटून घेऊ नका. रिकामी पाकिटं बरोबर न्या. नालोक्सोन हे उताऱ्याचं इंजेक्शन रुग्णालयात असतं, पण ट्रामाडॉलवर ते अर्धवटच चालतं आणि फिट येण्याची भीती राहते, म्हणून पुढचं सगळं तिथेच व्हायला हवं.

आता तुमच्याबद्दल. पत्राचा नव्वद टक्के भाग आईच्या व्यसनाच्या भीतीचा आहे आणि शेवटची ओळ तुमची. मला मात्र त्या ओळीची जास्त काळजी वाटते. व्यसन म्हणजे काय ते वर लिहिलं, ते आईऐवजी स्वतःला लावून बघा. तुमची पाठ कोणी तपासलेली नाही. गोळी तुमच्या नावाची नाही. ती तुम्ही दुखण्यासाठी सुरू केलीत, पण 'झोप छान लागते' हे कारण आता दुखण्याच्या शेजारी येऊन बसलंय. ट्रामाडॉल सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन वाढवतं, म्हणून दिवसभराच्या लोकलच्या धक्क्यांनंतर ते मनालाही हलकं करतं. हे औषधाचं काम आहे, तुमच्या स्वभावाचा दोष नाही. पण मेंदू नेमकं हेच लक्षात ठेवतो.

शुक्रवारचे दोन पेग आणि ती गोळी हा जोड आजपासून पूर्ण बंद. दारू आणि ओपिऑइड मिळून श्वास दाबतात, फिटचा उंबरठा खाली येतो, आणि गोळीतलं पॅरासिटामॉल दारूने थकलेल्या यकृतावर पडतं. आजवर काही झालं नाही, याला आधार समजू नका. ट्रामाडॉलचा खरा जोर यकृतात त्याचं रूपांतर झाल्यावर येतो आणि ते रूपांतर कोणाचं झपाट्याने होतं तर कोणाचं जवळजवळ होतच नाही. एकाच पाकिटातली गोळी आईला, तुम्हाला आणि तुमच्या मेव्हण्याला तीन वेगळ्या ताकदीची असू शकते. दुसऱ्याची गोळी घेऊ नये यामागे हे कारण आहे, नुसती शिस्त नाही.

दोन आठवडे एकही न घेता राहून बघा. जमलं तर पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रोजच्या बसण्याच्या कामाने धरलेल्या पाठीवर ओपिऑइड हा फारसा उपाय नाहीच. जमलं नाही, किंवा 'आज दुखतच आहे की' अशी कारणं सापडू लागली, तर लाजू नका. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे हे रोजचं आहे.

यातून घरासाठी एक साधी व्यवस्था निघते. पाकीट फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यातून काढून कुलपाच्या कपाटात. वहीचं एक पान: तारीख, वेळ, कोणाला दिली, किती उरल्या. दर रविवारी मोजणी, आणि मोजणारी व्यक्ती तुम्ही नको. बायको किंवा फोनवरून ताई. हे अविश्वासाचं वाटेल. पण संख्या उघडी असली की तुमचाही हात आपोआप अडतो आणि ताईचीही भीती कमी होते. बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रामाडॉल अजिबात चालत नाही, त्यांच्यात श्वास अचानक मंदावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर कुलूप आजच.

असंच पत्र कॅन्सरच्या रुग्णाच्या घरातून आलं असतं तर माझं उत्तर जवळजवळ उलटं असतं. तिथे 'व्यसन लागेल' म्हणून मॉर्फिन अडवून धरणं हा माणसावर अन्याय आहे. वेदना बघत थोडी थोडी वाढवलेली मॉर्फिनची गोळी, ठरल्या वेळी, बद्धकोष्ठाच्या औषधासह, हा जगभर मान्य झालेला उपचार आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती मिळवण्यातल्या परवान्यांच्या अडचणीही कमी झाल्या. परळच्या टाटा रुग्णालयात यासाठी वेगळा पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करण्याचा) विभाग आहे. अशा घरातलं कोणी हे वाचत असेल तर मुलुंडच्या गुडघ्याचं गणित तुमच्या रुग्णाला लावू नका. त्वचेवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच असेल तर तो तीन दिवसांचा असतो, कापायचा नाही, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही (उष्णतेने औषध भराभर आत जातं), आणि काढल्यावर चिकट बाजू आत दुमडायची. वापरलेल्या पॅचमध्येही मुलाचा जीव घेण्याइतकं औषध उरतं.

शेवटी ताईने केलेल्या एका गोष्टीबद्दल. केराच्या टोपलीत टाकलेली पाकिटं कचरा वेचणाऱ्याच्या हाती लागतात, कधी त्याच्या पोराच्या. एरवी औषधं संडासात टाकू नयेत असं सांगतात, पण केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात १७ औषधांना अपवाद केलाय, ट्रामाडॉल आणि फेंटानिल त्यात आहेत. घरात ठेवण्याचा धोका मोठा असल्याने ती फ्लश करायची. आईची शेवटची अर्धी गोळी झाली की उरलेल्या मोजा, वहीत संख्या लिहा, एकेक पाकिटातून काढून फ्लश करा आणि मगच ताईला फोन लावा. पाठ दुखली तर म्हणून दोन बाजूला काढून ठेवू नका.